अप्पांच्या गाडीचा एसी

मुरुममध्ये माझ्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची असो, बोअरमधली असो, नाहीतर पिठाच्या गिरणीची. मोटर जळाली की लोक ती आमच्या दारात आणून टाकत. अप्पा झाकण उघडून आधी नुसता वास घेत आणि मग काय झालं असेल ते सांगत. बहुतेक वेळा तेच निघे. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचा एसी वर्षानुवर्षं बंद होता आणि त्यावरून गावात त्यांची चेष्टा व्हायची. दिव्याखाली अंधार, असं लोक तोंडावर म्हणायचे. अप्पा हसायचे. "दुरुस्त केला तरी टिकत न्हाय त्यो," ते म्हणायचे, "दोन दिवसात परत जातंय."

हे 'दोन दिवसात परत जातंय' मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढंपुढं त्यांनी तोंड उघडलं की मीच ते वाक्य पुरं करायची. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी धाराशिवला राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, आणि तिथं खिडकीशी येणाऱ्या पोरांना माझ्या तापटपणाची चांगली कल्पना आहे. आईवडिलांची मी एकुलती एक. त्यामुळं रागवायला मला ते दोघं आणि त्यांना मी, एवढेच होतो.

गाडी अप्पांनी उतारवयात घेतली. सोलापुरातल्या एका डॉक्टरनं वापरलेली, पांढरी, काचा हातानं फिरवून खाली करायच्या. घेतली तेव्हा एसी उत्तम चालत होता. हे मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी अधिक महिना आला होता आणि जावयाला धोंड्याचं जेवण म्हणून आम्ही दोघं मुरुमला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी अप्पांनी हौसेनं सगळ्यांना नव्या गाडीतून तुळजापूरला देवीच्या दर्शनाला नेलं. माझा नवरा पुढं बसला. माणूस चांगला आहे, पण त्याला घाम सहन होत नाही. बसल्या बसल्या त्यानं एसीचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं ते मुरुमला परत येईपर्यंत तसंच. बाहेर पाऊस, आत हिमालय. अप्पांनी दोनदा विचारलं, "पाव्हणं, जरा कमी करू का?" आणि दोन्ही वेळा मागून आईनंच घाईनं उत्तर दिलं, "असू द्या ओ. ब्येस गार वाटतंय."

आई मागं मधोमध बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी शेजारच्या वहिनींनी करून आणल्या. मी विचारलं तर आई म्हणाली, "काय न्हाय, जरा अंग कसकसतंय." आईचे सांधे थंडीत धरतात हे मला माहीत होतं. पण थंडी म्हणजे पौषातली, असं माझं डोकं. श्रावणात कुणाचे सांधे धरतील हे माझ्या गावीही नव्हतं. मी त्यातली गरम भाकरी लोणी घालून खाल्ली आणि धाराशिवला निघून आले.

त्या दिवाळीला गेलो तेव्हा एसी बंद होता. नवऱ्यानं बटण फिरवलं, वारा आला पण गार होईना. अप्पा म्हणाले, "बिघडलाय. जुनी गाडी, चालायचंच." नवऱ्यानं काचा खाली केल्या आणि विषय मिटला. पुढं दर उन्हाळ्यात मी त्यांच्या मागं लागायची आणि दर उन्हाळ्यात तेच उत्तर यायचं. एवढा मोठा मिस्त्री सांगतोय म्हटल्यावर कुणाला शंका येणार? तरी मला आतून वाटायचं, हा कंजूषपणा आहे. एसी लावला की गाडी पेट्रोल पिते, असं ते दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल बोलताना मी ऐकलं होतं.

मग गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. इंजेक्शनं घ्यायला सोलापूरला जावं लागायचं, आणि ते नेमकं चैत्र-वैशाखात. मी रजा काढून मुरुमला यायची आणि गाडी चालवायची. अप्पा माझ्या शेजारी, डोक्यावर ओला पंचा घेऊन. आई मागं मधोमध, एक्स-रेच्या मोठ्या पाकिटानं त्यांना वारा घालत. हायवेवर ट्रकचा धूर आणि तापलेल्या डांबराची वाफ काचेतून थेट तोंडावर यायची. इंजेक्शन घेऊन परत येताना अप्पांना मळमळायचं आणि ते डोळे मिटून मान मागं टाकायचे. पंचा नळदुर्ग यायच्या आत खडखडीत वाळलेला असायचा.

"ओ, तो एसी तेवढा करून घ्या की," आई म्हणायची. "मी पाया पडते तुमच्या."

"टिकत न्हाय गं त्यो."

"न्हाय टिकला तर न्हाय टिकला. चार दिस तरी गार वारं लागंल तुमाला."

"दोन दिवसात परत जातंय," अप्पा डोळे न उघडता म्हणायचे. मी त्यांना न सांगता गाडी मिस्त्रीकडे न्यायची ठरवलं, तर त्यांनी चावी उशाखाली ठेवायला सुरुवात केली. आजारी माणसाच्या उशाखालून चावी काढून घेण्याइतकी मी निबर नव्हते.

शेवटच्या फेरीला नळदुर्गच्या अलीकडं ट्रक उलटला होता आणि आम्ही भर दुपारी अडकून पडलो. गाडी हलेना, वारा येईना. अप्पांच्या ओठांना कोरड पडली होती. आईचा हात वारा घालून घालून थकला आणि ती एकदम फाटल्यासारखी ओरडली, "एवढं वाचवून काय करणार हाव? ही गाडी छातीवर बांधून नेणार हाव का?"

आमच्या आईनं अप्पांना आयुष्यात असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिच्या तोंडून गेलं आणि तिला स्वतःलाच ते सोसलं नाही. तिनं पाकीट तोंडावर धरलं. अप्पांनी पाणी मागितलं.

मृग निघायच्या आतच ते गेले.

त्यानंतर वर्षभर आई मुरुमला एकटी राहिली. मी धाराशिवला चल म्हटलं की काहीतरी निमित्त काढायची. खरं कारण तिनं एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडं न बघता. "त्या गाडीकडं बघितलं की मला माझंच बोलणं ऐकू येतंय. आन् त्यांचा रागबी येतो गं. जलमभर लोकांच्या मोटरी चालू केल्या आन् सवताला गार वारं न्हाय लावून घेतलं. असं कुठं वाचवत्यात का जिवापेक्षा?" ती रडली नाही. अप्पा गेले तेव्हाही ती रडली नव्हती, नुसती दगडासारखी बसली होती. मेलेल्या माणसावर राग धरून बसणं फार वाईट. भांडायला समोर कुणी नसतं आणि माफ करायलाही कुणी नसतं. आई आतल्या आत वाळत चालली होती, आणि मला ते दिसत होतं.

वर्षश्राद्ध झालं आणि ती थोड्या दिवसांपुरती यायला कशीबशी तयार झाली. गाडीही आता धाराशिवलाच न्यायची होती, इथं पत्र्याखाली गंजून गेली असती. मी मनाशी ठरवलं, आईला त्या गाडीत बसवायचं तर आधी एसी दुरुस्त करायचा. त्याच रस्त्यानं, पण गार वाऱ्यात तिला न्यायचं. एवढं केलं तर तिच्या डोक्यातली ती दुपार पुसली जाईल, असं मला वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटीच गाडी घेऊन नळदुर्गला गेले. हायवेला टायरवाल्यांच्या आणि ढाब्यांच्या रांगेत गाड्यांच्या एसीचं काम करणारा एक मिस्त्री आहे. अंगानं जाड, बोलण्यात त्याहून जाड. मी अजून गाडीतून उतरले नव्हते तोवर त्यानं निदान करून टाकलं. "गॅस संपला, ताई. जुन्या गाडीत दुसरं काय असतंय?"

त्यानं बॉनेट उघडलं, गेजच्या निळ्या-लाल नळ्या जोडल्या. काटा वर चढला. गॅस थोडा कमी होता, पण होता. मिस्त्रीनं गेजवर पान्ह्यानं दोन टिचक्या मारल्या, जसा काही काटाच खोटं बोलत होता. मग म्हणाला, "कंप्रेसर गेलाय. बदलावा लागंल." मी म्हटलं, बदलायच्या आधी गेलाय हे मला दाखवा. माझा सूर ऐकून तो जरा भानावर आला. एसी चालू केला की कंप्रेसरच्या तोंडाशी 'टक्' असा आवाज यायला हवा, म्हणजे त्यानं इंजिनाला पकडलं. तो आवाज येत नव्हता. त्यानं फ्यूज बघितला, ठीक. रिले बदलून बघितला, तरी 'टक्' नाही. शेवटी टॉर्च लावून तो वायर बोटानं चाचपत चाचपत खाली गेला आणि एकाएकी थांबला.

"या अल्ला," तो म्हणाला. "ताई, हिकडं या जरा."

कंप्रेसरला वीज नेणारा प्लग निघालेला होता. निसटलेला नव्हे, काढलेला. त्याची दोन्ही तोंडं दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये वेगवेगळी गुंडाळली होती, वरून वाइंडिंगची पांढरी कापडी पट्टी आडवी-तिडवी घट्ट फिरवलेली, आणि दोन्ही टोकं एका बाजूला नीट बांधून ठेवलेली.

"ह्यात बिघाडच न्हाय," मिस्त्री म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम काढून ठिवलंय. आन् काय गुंडाळलंय बघा! हिरीत सोडली तरी पाणी शिरायचं न्हाय."

मला कुणी सांगायची गरज नव्हती. बोअरच्या केबलचा जोड अप्पा असाच बांधायचे. लहानपणी केबलचं टोक धरून बसायचं काम माझं असायचं. "पाण्याला वाट दिसली न्हाय पायजे," असं म्हणत ते पट्टी फिरवायचे आणि शेवटची गाठ आत वळवून अंगठ्यानं दाबायचे. इथंही गाठ आत वळवलेली होती.

मिस्त्रीनं पट्टी सोडवली, प्लग जोडला, चावी फिरवली. टक्. धुळीचा कुबट भपका आला आणि पाठोपाठ गार वारा सुटला. त्यानं थोडा गॅस भरला, जाळीत गच्च बसलेला पालापाचोळा काढला आणि आपणच जग जिंकल्यासारखा हात पुसत उभा राहिला. पट्टी आणि प्लास्टिक त्यानं खाली टाकलं होतं. मी ते उचललं आणि दाराच्या कप्प्यात ठेवलं. का ठेवलं कुणास ठाऊक, त्यांच्या हातचं होतं म्हणून असेल.

नळदुर्गहून मुरुमला येताना मी एसी पूर्ण सोडला आणि रडले. दुःखानं नव्हे, संतापानं. एवढा चांगला एसी! एका प्लगचं काम! आणि हा माणूस पेट्रोलच्या चार थेंबांसाठी इंजेक्शनं घेतलेल्या अंगानं भट्टीत बसून राहिला आणि आम्हालाही बसवलं. मोकळ्या सीटकडं बघून मी त्यांना मोठ्यानं बोललेसुद्धा. "अप्पा, हद्द झाली तुमची." आईला काय सांगायचं हा प्रश्नच होता. खरं सांगितलं तर तिचा त्यांच्यावरचा आरोप मी स्वतःच्या हातानं शाबीत करणार होते. घरी आल्यावर तिनं विचारलं, "काय निघालं गं?" मी म्हटलं, "वायर सैल झाली होती. जोडली." ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवून निघालो. आई गाडीपाशी थोडी घुटमळली, दाराला हात लावून नमस्कार केला आणि अप्पांच्या जागेवर, माझ्या शेजारी बसली. मी काचा वर केल्या आणि एसी लावला. समोरच्या दोन झरोक्यांतून वारा थेट तिच्यावर येऊ लागला.

"कसं वाटतंय?"

"ब्येस," आई म्हणाली. "लई गार हाय."

हायवेला लागलो. तीच झाडं, तोच धूर, पण काचेबाहेर. ट्रक उलटला होता ती जागा आली आणि गेली. मला वाटलं, जमलं. मी तिच्याकडं बघितलं. ती समोर बघत ताठ बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. नळदुर्ग सोडल्यावर मी तिला पाण्याची बाटली दिली. तिनं पदरातून हात काढले, झाकण धरलं, फिरवायला गेली आणि बाटली मांडीवर ठेवली. पुन्हा धरली. बोटं वाकडी झाली होती आणि वळत नव्हती. सांध्यांवर कातडी ताणून तकतकत होती.

"तूच उघड माय," ती हसून म्हणाली. "लई घट्ट हाय झाकण."

बाटली नवीन नव्हती. सकाळपासून मी तीनदा उघडली होती.

"आई, हात दुखतायत का? एसी बंद करू?"

"न्हाय गं! काय न्हाय झालं. एवढी हौसेनं केलीस तू, असू दे." आणि तिनं हात पुन्हा पदरात घातले.

असू द्या ओ. ब्येस गार वाटतंय. मागच्या सीटवरून आलेला तो आवाज मला त्या क्षणी ऐकू आला. धोंड्याचं जेवण, पुढं बसलेला जावई, दुसऱ्या दिवशी शेजारून आलेल्या भाकरी. त्या दिवशी आईचे हात कुणाला दिसले होते, तर एका अप्पांना. जावयाला एसी बंद करा म्हणायचं नाही, लेकीला सांगायचं नाही, अशी शपथच घातली असणार तिनं. ती तशीच आहे. मग त्यांनी कुणाला काही न सांगता, तिलाही न सांगता, प्लग काढला आणि एसी बिघडलाय म्हणून सांगितलं. एकदा बिघडला तो बिघडला. पुढं ते स्वतः जळत होते तेव्हाही बिघडलेलाच राहिला, कारण मागं मधोमध ती बसलेली असायची. आणि ती, हात धरतील हे माहीत असून, त्यांच्या पाया पडत होती, एसी दुरुस्त करा म्हणून.

मला स्टिअरिंगसमोरचं दिसेना. तुळजापूरच्या अलीकडं घाट सुरू व्हायच्या आधी कडेला एक लिंबाचं झाड आहे, तिथं मी गाडी घेतली.

"काय झालं गं?"

"काही नाही. आवाज येतोय कसलातरी. तू बस."

दाराच्या कप्प्यातलं प्लास्टिक आणि पट्टी मुठीत घेऊन मी उतरले आणि बॉनेट उघडलं. उघडलेल्या बॉनेटनं आई आणि मी एकमेकींना दिसेनाशा झालो. मिस्त्रीनं प्लग दाखवला होता, सापडायला वेळ लागला नाही. ओढताना बोटं भाजली. त्याची दोन्ही तोंडं दुधाच्या पिशवीत गुंडाळली, वरून पट्टी फिरवली, जमेल तशी घट्ट. पाण्याला वाट दिसली नाही पाहिजे. शेवटची गाठ आत वळवून अंगठ्यानं दाबली. तिथं उभ्या उभ्या मी त्यांची माफी मागितली, तोंडानं, पण आवाज न करता. मग पदरानं तोंड पुसलं आणि गाडीत येऊन बसले.

"आई, एसी गेला गं परत."

"आँ? कालच केलास न्हवं?"

"कालच केला. टिकला नाही."

मी तिच्या अंगावरून वाकून तिच्या बाजूची काच खाली केली. उन्हाची झळ भस्सकन आत आली. आईनं हात पदरातून बाहेर काढले आणि काचेच्या कडेवर ठेवले. बोटं हळूहळू उलगडायला लागली. ती त्या बोटांकडं बघत होती की बाहेर, मला सांगता येणार नाही.

"तेच म्हणत हुते ते," ती म्हणाली. "टिकत न्हाय म्हणायचे. दोन दिवसात परत जातंय म्हणायचे. आन् म्या..."

तिचा आवाज तिथंच फुटला. वर्षभर दगडासारखी बसलेली माझी आई त्या लिंबाखाली, उन्हाच्या झळीत तोंड घालून, पोरीसारखी हुंदके देऊन रडली. मी तिला रडू दिलं. गाडी चालू केली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "खरं बोलत हुते की गं ते."

"व्हय," मी म्हटलं.